वेगळं मानून आपल्यात राहणं

आपल्याकडे नव्या माणसाला ‘तुम्ही काय मानता?’ असं कुणी विचारत नाही. ‘तुम्ही कुणातले?’ असं विचारतात. उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. हा माणूस देव मानतो की कर्म मानतो, पुनर्जन्मावर त्याचा भरवसा आहे की नाही, याची चौकशी पुढे होत नाही. आपण ‘जैन’ म्हणतो आणि विषय संपतो. जैन घरात जन्मलेल्या बाईला जैन तत्त्वज्ञानातलं सगळंच्या सगळं पटलेलं आहे का, हा प्रश्न तिचा नवराही तिला विचारत नाही, सासूही नाही, आणि खरं सांगायचं तर ती स्वतःलाही क्वचितच विचारते.

पण कधीतरी तो प्रश्न पुढ्यात येऊन उभा राहतोच. पटत नाही, तरी सोडवत नाही, अशी मनाची स्थिती होते. अशा वेळी दोनच वाटा आहेत असं आपल्याला सांगितलेलं असतं. पटत नसेल तर बाहेर जा, नाहीतर राहायचं असेल तर गप्प राहा. यापेक्षा तिसरी काही वाट आहे का, हे शोधताना मला क्वेकर लोकांविषयी वाचायला मिळालं, आणि मी त्यांच्यात बरीच गुंतले. कुठे इंग्लंड आणि कुठे आमचा जोयडा तालुका, असं तुम्ही म्हणाल. जरा धीर धरा, वाट शेवटी आमच्याच शेजारी हलशीला येते.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडात जन्मलेला ख्रिस्ती पंथ. जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसानं तो सुरू केला. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे. हे नाव लोकांनी टिंगलीनं दिलेलं. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात, त्यांच्या संस्थेचं नाव ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. मराठीत सरळ ‘मित्रमंडळ’ म्हणायला हरकत नाही, फक्त ते ऐकून गणपतीची वर्गणी मागायला कुणी आलंय असं वाटतं! प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा काही अंश, काही प्रकाश असतो, आणि तो ऐकायला मधला पुरोहित लागत नाही, ही त्यांची मूळ धारणा. म्हणून इंग्लंडातल्या जुन्या पद्धतीच्या क्वेकर सभेत पाद्री नसतो, वेदी नसते, ठरलेली प्रार्थना नसते. माणसं गोलात किंवा समोरासमोर बाकांवर बसतात आणि तासभर गप्प राहतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर ती व्यक्ती उठते, थोडक्यात बोलते, बसते. तिला कुणी उत्तर देत नाही, खोडून काढत नाही. पुन्हा शांतता. कधी कधी संपूर्ण तासभर कुणीच बोलत नाही, आणि शेवटी हस्तांदोलन करून लोक घरी जातात.

आपल्या व्यापारी घरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगते. क्वेकर शपथ घेत नसत. कारण शपथ घेऊन खरं बोलायचं, याचा अर्थ एरवी खोटं चालतं असा होतो, असं त्यांचं म्हणणं. शपथ नाही म्हणून सरकारी पदं नाहीत, राजाचा चर्च मानत नाहीत म्हणून विद्यापीठात प्रवेश नाही. मग ते व्यापारात शिरले आणि घासाघीस न करता एकच भाव सांगणारे दुकानदार म्हणून नावाजले. आपण नातवंडांच्या हातावर ठेवतो त्या कॅडबरीचं घराणं क्वेकर होतं. सत्य आणि अचौर्य ही व्रतं दुकानात बसून पाळता येतात याचा हा दाखला. आपल्या काही दुकानांसाठीही तो उपयोगी पडेल.

आता मुद्द्यावर येते. होरेस अलेक्झांडर हे इंग्रज क्वेकर गांधीजींचे स्नेही होते. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले, तेव्हा बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या क्वेकर संस्थेतही राहून आले. अलेक्झांडर तिथं शिकवत. पुढे १९४७च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या बेलियाघाटात, दंगलींच्या ऐन तोंडावर, हेच अलेक्झांडर गांधीजींच्या बरोबर होते. चाळीसच्या दशकात त्यांनी गांधीजींना एक प्रश्न विचारला होता. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी आपापला धर्म न सोडता एकत्र यायचं म्हटलं तर ते कुठल्या छताखाली यावेत? गांधीजींचं उत्तर असं होतं की, मला माहीत असलेल्या संस्थांत ‘फ्रेंड्स’ सर्वांत योग्य, पण एका अटीवर. ख्रिस्ती माणूस वाढत वाढत जसा ‘फ्रेंड’ होतो, तितक्याच सहजपणे हिंदूही होऊ शकतो, हे त्यांना मान्य आहे का?

ही अट मी पुन्हा पुन्हा वाचली. आम्हाला तुमच्यात घ्या, अशी विनंती तिच्यात नाही, आणि सगळे धर्म सारखेच असतात हे गुळमुळीत वाक्यही नाही. आलेल्या माणसानं आपलं मूळ दाराबाहेर काढून ठेवायचं की मुळासकट आत यायचं, एवढंच ती विचारते. चपला आणि मूळ यांत फरक आहे. मी बस्तीत जाताना चपला बाहेर काढते. माझं मन बाहेर काढून ठेवता येत नाही.

गांधीजी गेल्यानंतर थोड्याच काळात अलेक्झांडर आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘फेलोशिप ऑफ फ्रेंड्स ऑफ ट्रुथ’ नावाचा एक छोटा मेळ उभा केला. सत्याच्या मित्रांचा संघ. कुठल्याही धर्माच्या माणसानं आपला धर्म राखून यावं, असा तो विचार. संघ मोठा झाला नाही. क्वेकरांच्या मूळ सभेनं गांधीजींच्या अटीला सरळ ‘हो’ म्हटलं असंही नाही. वेगळा संघ काढावा लागला, यातच काय ते आलं. आणि यात क्वेकरांची अडचणही होती. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या आसपास त्यांची मिशन एकोणिसाव्या शतकापासून होती. तिथं ख्रिस्ती झालेल्या घरांनी त्या नावासाठी जातगोत, सोयरीक, सगळं गमावलेलं. ज्यांनी एवढी किंमत मोजली, त्यांना जाऊन ‘आता हिंदू राहूनही फ्रेंड होता येतं बरं का’ असं सांगितलं तर त्यांना काय वाटेल? त्यांची बाजूही मला कळते. दार उघडणाऱ्याला पुण्य मिळतं, पण ते दार आधी ज्यांच्या अंगावर बंद झालं होतं, त्यांची जखम कुणी विचारत नाही.

हीच मिशन पुढे किती बदलली पाहा. होशंगाबादजवळच्या रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरनं १९७२ साली किशोर भारती संस्थेबरोबर खेड्यातल्या शाळांमध्ये प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्या शाळेतल्या पोरांना कुणी येशूविषयी विचारलं नाही. मार्जरी साइक्स या बाईही उत्तरायुष्यात रसूलियाला राहिल्या. १९०५ साली जन्मलेल्या, १९२८ साली मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, पुढे शांतिनिकेतनात रवींद्रनाथांबरोबर, मग वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या कामात. इथेच क्वेकर झाल्या आणि इथल्याच नागरिक झाल्या. मुलांना सूत कातायला आणि शेतात राबायला शिकवणाऱ्या या बाईंची श्रद्धा ख्रिस्ती आणि दिवस आश्रमाचा. दोन्ही त्यांना जड झाले असं दिसत नाही.

तर मला क्वेकरांचं काय आवडलं? शांतता. आता आपल्याला शांततेचं काय अप्रूप! सामायिक आपल्याकडे आहे, दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. पण सामायिकात दहा जणी एका ओळीत बसल्या तरी प्रत्येक जण एकटी असते. मी माझ्या आत्म्याशी, तू तुझ्या. शेजारणीच्या मनात काय चाललंय हे ऐकणं तिथं अपेक्षितच नाही. उलट ते चित्त विचलित होणं. क्वेकरांची शांतता एकमेकांसाठी असते. सगळे अशासाठी गप्प बसतात की कुणालाही बोलता यावं. त्या खोलीतली सर्वांत अडाणी, सर्वांत तरुण, सर्वांत वेगळं मानणारी बाई उठली तरी तिच्यासाठी जागा आधीच करून ठेवलेली असते.

आणि मग मला आपली दुसरी शांतता आठवली, जी सामायिक नव्हे. पटत नाही म्हणून गप्प राहण्याची शांतता. तिच्यात आपण बायका पारंगत आहोत.

माझ्यापुरतं सांगते. आपण दिगंबर. आपल्या शास्त्रात स्त्रीदेहानं मोक्ष नाही. तिनं व्रतं करावीत, आर्यिका व्हावं, पण तिची महाव्रतं उपचारानं महाव्रतं म्हणायची. मोक्षासाठी पुढच्या कुठल्यातरी जन्मी पुरुषदेह यावा लागतो. श्वेतांबरांना हे मान्य नाही. त्यांच्या मते एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली या स्त्री होत्या. आपल्याकडे ते मल्लिनाथ. हे सगळं मी बी.ए.ला असताना वाचलं होतं, पुस्तकातली गोष्ट म्हणून. पण काही वर्षांपूर्वी एका गावच्या चातुर्मासात प्रवचन ऐकत होते. मायाचार केल्यानं स्त्रीजन्म मिळतो, असं प्रवचनकार समजावून सांगत होते. समोर शंभरेक बायका. पहाटे चारला उठून, ओल्या वस्त्रानिशी, सोवळ्यात, आहाराचा चौका लावलेल्या. ज्या हातांचा आहार चालतो त्या हातांचा जन्म कपटाचं फळ! बायका माना डोलवत होत्या. मी मान डोलवली नाही, पण उठूनही गेले नाही.

मला ते पटत नाही. आत्म्याला लिंग नाही असं शिकवणाऱ्या धर्मात देहावरून दार अडावं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. पण म्हणून मी जैन नाही का? णमोकार मंत्र म्हणताना माझा आवाज खोटा होतो का? मला नाही वाटत. उलट प्रश्न मनात आहे म्हणून मी मंत्र जास्त लक्ष देऊन म्हणते.

मागे एकदा एका माताजींना मी हे विचारलं. त्या आर्यिका, म्हणजे हा नियम माझ्यापेक्षा त्यांना जास्त लागू. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, या काळात या क्षेत्रातून पुरुषांनाही मोक्ष नाही. शास्त्र तेही सांगतं. ते मात्र कुणी बायकांना सांगत बसत नाही.’’ पंचमकाळात भरतक्षेत्रातून कुणालाच मोक्ष नाही, हे खरंच आहे! मी पोटभर हसले. प्रश्न सुटला नाही. पण तो त्यांनाही आहे, आणि तो बाळगून त्यांनी पिच्छी-कमंडलू घेतलाय, एवढं कळलं. मला त्याचाच आधार वाटला.

क्वेकर बायकांचं उलट झालं. मार्गारेट फेल ही बाई १६६६ साली तुरुंगात असताना बायकांनी धर्मसभेत बोलणं कसं शास्त्राला धरून आहे, यावर पुस्तिका लिहीत होती. बायबलातलीच वचनं घेऊन तिनं तो युक्तिवाद केला. म्हणजे बाहेरून दगड मारला नाही, घरातलीच वीट दाखवली.

अशी वीट आपल्या घरात आहे का? आहे, आणि आमच्या अगदी शेजारी. जोयड्याला लागून खानापूर तालुका, त्यात हलशी. कदंबांच्या काळातली पलाशिका. तिथं सापडलेल्या ताम्रपटांत पाचव्या शतकातला राजा मृगेशवर्मा जिनालयासाठी जमीन देतो, ती यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन वेगवेगळ्या संघांना मिळून. त्याचा मुलगा रविवर्मा कार्तिकातल्या अष्टाह्निकेची सोय लावतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय साधूंचं पोषण व्हावं असं लिहून ठेवतो. आपला चातुर्मास तेव्हाही होता. हे यापनीय कोण? त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला याच देहानं मोक्ष मिळतो असं मानत! राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात शाकटायन या त्यांच्या वैयाकरणानं स्त्रीमुक्तीवर स्वतंत्र प्रकरण लिहून युक्तिवाद केला आहे. पुढे हा संघ नाहीसा झाला. त्यांच्या बस्त्या, त्यांच्या मूर्ती आपल्याकडे आल्या. बेळगावच्या दोड्ड बस्तीतल्या नेमिनाथांच्या मूर्तीवरच्या लेखात यापनीय संघाचं नाव आहे, हे सदलग्याच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी लिहून ठेवलंय. त्या मूर्तीपुढे आपल्या किती आज्या-पणज्यांनी हात जोडले असतील, आपला देह मोक्षाचा नाही हे ऐकून घेऊन. आणि मूर्ती घडवून घेणारे मानत होते की आहे.

तेव्हा माझं म्हणणं बाहेरून आणलेलं नाही. या मातीत ते शेकडो वर्षं बोललं गेलं, आणि राजानं तिघांना एकाच दानपत्रात बसवलं. एका पंगतीत बसायला तिघांचं एकमत व्हावं लागलं नाही.

आता क्वेकरांची आरती फार झाली, म्हणून दुसरी बाजूही सांगते. इतके मोकळे म्हणवणारे हे लोक, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात क्वेकरानं क्वेकराबाहेर लग्न केलं तर त्याला सभेतून काढून टाकत. १८६०च्या सुमारास तो नियम गेला. तोवर किती मुलींनी बापाचं घर आणि सभेचा बाक दोन्ही गमावले असतील! आजही जगातले सर्वांत जास्त क्वेकर इंग्लंडात नाहीत, आफ्रिकेत केनियात आहेत. त्यांच्या सभा पाद्री आणि गाण्यांसकट चालतात आणि येशूशिवाय त्यांचं पान हलत नाही. उलट इंग्लंडात देव न मानणाऱ्या क्वेकरांनी २०११ साली आपलं वेगळं मंडळ स्थापन केलं. ते सभेत बसतात, समितीवर काम करतात, आणि देव हा शब्द आला की तो मनात आपल्या परीनं बदलून घेतात. बाकीचे काही कुरकुरतात. सभेचे सदस्य वेगळे आणि नुसते येणारे वेगळे, अशीही विभागणी आहे. कुणी कुणी वीस वर्षं नुसतेच येत राहतात. म्हणजे तिथंही ‘तुम्ही नक्की कुणातले?’ आहेच.

पण त्यांच्या इतिहासातली एक गोष्ट मला विचार करायला लावते. अमेरिकेत अनेक श्रीमंत क्वेकरांकडे गुलाम होते. जॉन वूलमन नावाचा एक साधा शिंपी-दुकानदार वर्षानुवर्षं घरोघर जाऊन त्यांना समजावत राहिला. ज्यांच्या घरी उतरायचा तिथल्या गुलामांना त्यांच्या कामाचे पैसे देऊन निघायचा, म्हणजे यजमानाला न बोलता कळावं. १७७२ साली तो वारला. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेनं ठरवलं की गुलाम सोडायला तयार नसेल त्याला आपल्यात ठेवायचं नाही. कुणाला देव किती दिसतो यावरून नव्हे, तर माणूस विकत घेतो म्हणून बाहेर.

समाज काय मानतो हे त्याच्या ग्रंथांत शोधू नये. तो कुणाला बाहेर काढतो ते पाहावं. क्वेकरांनी एकदा लग्नावरून काढलं आणि एकदा गुलामीवरून. आपण कशावरून काढतो? वजनात मारणारा, सुनेला छळणारा, भावाची जमीन लाटणारा माणूस पंचकल्याणकात इंद्र होऊन हत्तीवर बसलेला मी पाहिलाय; बोली मोठी लावली होती. आणि परजातीत लग्न केलेली मुलगी आईच्या दहाव्याला मांडवाबाहेर उभी राहिलेलीही पाहिली आहे. ती मुलगी रात्रीचं जेवत नाही, अजूनही. अहिंसा, सत्य, अचौर्य हे आपल्या ग्रंथांत पहिले. हकालपट्टीच्या यादीत त्यांचा नंबरच नाही. अनेकांत आपण बालवर्गापासून शिकवतो, सहा आंधळे आणि हत्ती. पण ज्या मुलीनं हत्तीची दुसरी बाजू चाचपली तिला आपण हत्तीजवळ उभं राहू देत नाही.

सेवाग्रामला दोन माणसं होती, त्यांची आठवण इथे येते. एक गोरा, आंध्रातले पक्के नास्तिक. गांधीजींनी त्यांना आश्रमात राहून घेतलं, वाद घातला, आणि गोरांच्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरलं तेव्हा विधीत ईश्वराऐवजी सत्य हा शब्द घालायला संमती दिली. ते लग्न बघायला गांधीजी राहिले नाहीत. पण झालं सेवाग्रामलाच. दुसरे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, म्हणजे आमच्या घाटाखालचेच. घर सोडून सिलोनला जाऊन भिक्षू झालेले, पालीचे मोठे पंडित. ‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या पुस्तकात प्राचीन काळच्या श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिलं, त्यावरून आपल्या समाजात फार मोठा क्षोभ झाला. जैन घरांत त्यांचं नाव तोंड वाकडं करून घेतलं जाई. हाच माणूस आयुष्याच्या शेवटी पार्श्वनाथांच्या चातुर्यामाकडे वळला, त्यावर पुस्तक लिहिलं. आणि शरीर थकलं, काम संपलं असं वाटल्यावर सेवाग्रामला येऊन अन्न सोडून, सल्लेखनेच्या वाटेनं ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. बौद्ध माणूस, वैष्णव महात्म्याच्या आश्रमात, जैन पद्धतीनं. त्या दिवसांत त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी आधी ‘तुम्ही नक्की कोण?’ हे ठरवून घेतलं नाही. आपण मात्र त्यांना आपलं म्हणायला अजून तयार नाही. पुस्तकातलं ते प्रकरण आडवं येतं.

हे सगळं ऐकायला मोठं वाटतं. रोजच्या जगण्यात ते फार लहान असतं. आमचा जोयडा कंदमुळांचा तालुका. इथल्या कुणबी बायका रानाच्या कडेला कणगी, कोन, सुरण, किती जातीचे कंद लावतात. दर वर्षी थंडीत त्यांचा मेळा भरतो, लांबून लोक विकत घ्यायला येतात. आणि अशा गावात मी, जमिनीखालचं काही न खाणारी! लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या मावशींना हे कोडंच होतं. सर्वांत चांगली वस्तू द्यावी तर ही घेत नाही. पहिल्या वर्षी त्यांना अपमान वाटला असणार. नंतर त्यांनी आपण होऊन तोडगा काढला. कंद खणायचे दिवस आले की माझ्याकडे परसातली काकडी नाहीतर वाल येतो. ‘‘वहिनी, हे वरचं आहे हो,’’ असं दारातून सांगतात. त्यांना निगोद जीव माहीत नाहीत, पटायचेही नाहीत. कंद न खाणं हे त्यांच्या मते वेड आहे, आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलंय. मीही त्यांच्या कोंबड्याच्या नवसाला जात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी तिसाहून अधिक वर्षं आम्ही एकमेकींच्या बाळंतपणांना, मयताला उभ्या आहोत. परक्यांशी हे इतकं सहज जमतं आणि आपल्याच बस्तीतल्या बाईशी जमत नाही, याचं मला नवल वाटत आलंय. बहुधा शेजारीण वेगळी असणार हे आपण धरूनच चालतो. आपल्यातलीनं मात्र वेगळं असायचं नाही.

आमच्या तालुक्यात जैन घरं फार थोडी, बस्ती लांब. म्हणून जोयडा, रामनगर, दांडेलीकडच्या आम्ही सहा-सात जणी अष्टमीला एकीच्या घरी जमतो. स्वाध्याय होतो, म्हणजे एक वाचते आणि बाकीच्या माना डोलवतात. गेल्या चातुर्मासापासून मी एक सुचवलं. वाचून झालं की अर्धा तास गप्प बसायचं, आणि ज्या कुणाला वाटेल तिनं एकदाच बोलायचं. उत्तर कुणी द्यायचं नाही. हे कुणाचं आहे ते मी सांगितलं नाही. क्वेकर म्हटलं असतं तर आमच्यातल्या थोरल्या काकूंनी ख्रिश्चनांची भानगड म्हणून मोडीत काढलं असतं. पहिल्या दोन वेळा कुणी बोललं नाही. एकीला झोप लागली, तिचं घोरणं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

तिसऱ्या वेळी आमच्यातली एक बोलली. नावानं सांगत नाही. म्हणाली, मला पूजा करताना काही वाटत नाही. दहा वर्षं झाली, काही वाटत नाही. भगवान ऐकत नाहीत हे तर आपण मानतोच, पण मला ते आहेत असंही वाटत नाही. मी येते ती तुमच्यासाठी. एवढं बोलून ती गप्प बसली. थोरल्या काकूंचे ओठ हलले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, जबरदस्त सांगायचं होतं, ते दिसत होतं. पण नियम त्यांनीच मान्य केलेला. त्यांनी जपमाळ हातात घेतली आणि वेळ संपेपर्यंत ओढत राहिल्या. मग सगळ्यांनी मिळून पोहे खाल्ले, कांद्याशिवाय.

पुढच्या अष्टमीला ती आली नाही. कुणी फोन केला नाही, मीही नाही. त्याच्या पुढच्या चतुर्दशीला आली. घरी पाहुणे होते म्हणून जमलं नाही, असं तिनंच सांगितलं. काकूंनी सरकून तिला जाजमावर जागा दिली आणि आज वाचायची पाळी तुझी म्हणून ग्रंथ तिच्यापुढे ठेवला.